'पुरे' म्हणणाऱ्या राजाची कथा

पूर्वी कृतयुगात, जेव्हा वृक्ष न मागता फळे देत आणि सूर्यही सौम्यपणे तापत असे, तेव्हा प्रत्येक मनुष्याला समोरच्याचे मन नितळ पाण्यातल्या गोट्यांसारखे स्पष्ट दिसत असे. हेवा वाटला ना, श्रोते हो? वाटू देऊ नका! आपल्या मनात दिवसभर काय काय चाललेले असते ते आठवा, आणि ते शेजाऱ्याला दिसते आहे अशी कल्पना करा. मग ते लोक एकत्र नांदत तरी कसे? तर दिसलेले बोलून दाखवायचे नाही, हा एक आचार सगळे पाळत.

त्या युगी शुभ्रा नदीच्या तीरावर, तमालवृक्षांच्या गर्द छायेत, महर्षी आर्जवांचा आश्रम होता. महर्षी वेदवेदांगपारंगत, जितेंद्रिय, सत्यव्रती. विशेषणे द्यावी तेवढी थोडीच. पण सत्याचा अभिमान असा, की दिसेल ते फाडकन बोलून मोकळे व्हायचे. त्यांची पत्नी चारुव्रता मितभाषिणी होती, आणि तिला ते घरात निभावून न्यावे लागे.

एकदा दानवांनी अरण्ये जाळली, आश्रमांतली धान्ये लुटली. ऋषिजनांच्या रक्षणासाठी राजा सुवर्मा प्राणपणाने लढला, राज्य गमावून बसला, आणि भर दुपारी, धुळीने माखलेला, उपाशी, आर्जवांच्या दारी आला. ऋषींनी पाद्यपूजा केली, शिष्यांसह पंक्तीत बसवले. चारुव्रतेने रानात आपसूक उगवणाऱ्या देवभाताचा भात वाढला. राजाने तो बघता बघता संपवला. ती पुन्हा वाढायला वाकली, तेव्हा पळी भांड्याच्या बुडाला लागून खरखरली.

राजाने चटकन पानावर आडवा हात धरला. "पुरे, माते! तृप्त झालो."

तिला त्याची भूक दिसली, त्याला तिची चिंता दिसली. दोघांनी नजर खाली वळवली. तेवढ्यावर सारे निभावले असते हो! पण महर्षी गरजले, "असत्य! राजन्, तुझ्या पोटात आग पेटली आहे आणि मुखाने 'पुरे' म्हणतोस? आणि ही माझी धर्मपत्नी! भांडे रिकामे म्हणून 'हा आता उठला तर बरे' असे मनात म्हणते! धिक्कार असो या दंभाला!"

पंक्तीत कुणाचा घास हलेना. चारुव्रतेच्या हातून पळी गळून पडली. ज्याने दानवांना पाठ दाखवली नव्हती तो राजा शरमेने काळवंडला. आचमनही न करता अर्ध्या पानावरून उठला, तिला हात जोडले आणि चालू लागला. 

"स्वामी," चारुव्रता म्हणाली, "यजमान अतिथीच्या मागून जेवतो, म्हणून तुमचा वाटा मी आत झाकून ठेवला आहे. पतीचा वाटा तुमच्या आज्ञेवाचून मी कशी वाढणार? माझे मन दिसले, राजाचे दिसले. तो झाकलेला भात तेवढा आठवला नाही? तुम्ही मुकाट्याने आणून वाढला असता, तर माझी लाज राहिली असती, आणि त्याचीही."

महर्षी आत गेले. झाकण उघडले. भात अजून कोमट होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्यांना झाले.

ते राजाला शोधत रानोमाळ हिंडले. तो सापडला नाही. मग त्यांनी घोर तप आरंभले. प्रसन्न झालेल्या ब्रह्मदेवाला ते म्हणाले, "पितामह, ही दृष्टी परत घ्या. माझी घ्या, सर्वांची घ्या. मला कुणाकडे वर मान करून पाहवत नाही!"

"सर्वांची घेतली तर तान्ह्याचे रडणे आईला कसे कळेल?" ब्रह्मदेव म्हणाले. "तुझी घेतो. इतरांची त्यांच्या हाती सोपवतो. दुसऱ्याच्या मनातले कळूनही जो पोटात ठेवील, त्याची दृष्टी वाढत जाईल. जो ते चारचौघांत उघडे पाडील, त्याची तेवढी विझेल."

पुढे जटा वाढलेला एक वृद्ध आश्रमात आला. आर्जवांनी भात वाढला. पुन्हा वाढू लागताच अतिथीने पानावर आडवा हात धरला आणि म्हणाला, "पुरे."

तो हात महर्षींनी ओळखला. पण मन? मन आता दिसत नव्हते. हा भुकेला आहे की तृप्त, रागावला आहे की विसरला, काहीच कळेना. चारुव्रतेला सारे दिसत होते. ती बोलली नाही. महर्षी आत गेले, आपला झाकलेला वाटा घेऊन आले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"एक घास," ते कसेबसे म्हणाले, "माझ्यासाठी."

बराच वेळ गेला. मग राजा सुवर्म्याने पानावरचा हात बाजूला घेतला.

तेव्हापासून कुणाला न सांगता कळते, तर कुणाला सांगूनही कळत नाही. आणि आपल्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला, तरी वाढणारा पळी घेऊन क्षणभर तिथेच उभा राहतो.