नागूआयची पायरी

फार फार वर्षं झाली. खाडीच्या काठी मोरखाडी नावाचं गाव होतं. गावाला मिठागर होतं, मिठागराला लागून एका खोलीची शाळा होती, आणि शाळेचं अंगण झाडायला, मुलांचं पाणी भरायला नागूआय होती. तिला पोरबाळ नव्हतं. देवीला हात जोडले की ती शाळेतल्याच पोरांसाठी मागायची.

त्या गावाची एक समजूत होती. पोराच्या डोळ्यातलं पाणी जमिनीवर पडलं की मीठ विरतं. म्हणून पोरगं रडायला लागलं की आई त्याच्या तोंडावर पदर दाबायची, "गप, मीठ विरेल." पोरं गप व्हायची. शाळेत मग कुणाचं पोट दुखायचं, कुणी उगाच शेजारच्याला चावायचं, पाढे काही डोक्यात शिरायचे नाहीत.

त्या साली मथीची आई तापानं गेली. मथी सात वर्षांची. ती रडली नाही, बोलली नाही, दिवसाला दोन घास धड खाईना. काडीसारखी झाली. वैद्य म्हणाले, "माझ्या हातात काही नाही."

नागूआय देवळात गेली. म्हणाली, "आये, ही पोर मोकळी होईस्तोवर माझ्या पेजेत मीठ नाही." त्या दिवसापासून ती शाळेच्या पायरीवर अळणी पेज घेऊन बसायची. शेजारी मथी. 'रड' म्हणायची नाही, 'गप' म्हणायची नाही. नुसती बसायची. हळूहळू दुसरी पोरं येऊन टेकायला लागली. एका मुलीची बकरी मेली होती, ती तर तिच्या मांडीत हुंदके देऊन रडली.

आणि नेमकं त्याच हंगामात मिठागराच्या वाफ्यांत मीठ धरेना, नुसतं पाणीच राहिलं. गाव नागूआयवर उलटलं. मिठागराचा पदू पाटील तरातरा आला.

"मिठागरात राहून अळणी खातेस, नि पोरांना रडायला शिकवतेस? मिठाला राग नाय येणार?"

"मिठाचा राग मी सोशीन, पाटील. ही पोर वाळत चाललीय, त्याचं काय करू?"

"पुनवेपर्यंत मीठ बसलं नाय, तर गाव सोड."

नागूआयनं मान डोलावली आणि पेजेची वाटी मांडीवर घेतली.

असं म्हणतात, अळणी पेजेचा तो चाळिसावा दिवस होता. पुनव दुसऱ्या दिवशी होती. भर सकाळी पायरीवर बसल्या बसल्या नागूआयला भोवळ आली. वाटी हातात तशीच, डोळे मिटलेले. मथीनं तिला हलवलं. परत हलवलं. मग मथीच्या घशातून आवाज आला.

"आये, तू नको जाऊस गो."

आणि चाळीस दिवसांचं पाणी फुटलं. टपटप वाटीत पडलं. मथीनं ती वाटी नागूआयच्या ओठांना लावली, नागूआयनं घोट घेतला आणि डोळे उघडले.

"चव आली गो," ती म्हणाली.

मथी रडली, ते पाहून शाळा रडली. वर्षानुवर्षं दाबलेलं सगळं बाहेर आलं. ते पाणी पायरीवरून अंगणात, अंगणातून मिठागराच्या वाफ्यांत गेलं, असं म्हणतात. पदू पाटील धावत आला, आता सगळं विरलं म्हणून. पाहतो तर वाफ्यांत गुडघाभर मीठ उभं, मोगऱ्यासारखं पांढरं.

पाटील पायरीवर मटकन बसला. तो सहा वर्षांचा असताना त्याचा धाकटा भाऊ खाडीत बुडून गेला होता. तेव्हा पाटलाच्याही तोंडावर आईनं पदर दाबला होता. आज पांढऱ्या मिशांचा तो माणूस मथीच्या शेजारी बसून रडला आणि कुणी त्याला गप म्हटलं नाही. दुपारी मथीनं दोन वाट्या पेज खाल्ली, तिसरी मागितली. नागूआयच्या वाटीत चिमूटभर मीठ पाटलानं स्वतःच्या हातानं घातलं.

शाळा आता मोठी झालीय, पण ती पायरी हलवलेली नाही. हंगामातलं पहिलं ओंजळभर मीठ अजून तिच्यावर ठेवतात. शाळा उघडते त्या दिवशी गुरुजी आणि बाई अळणी पेज खातात. नवं पोर आईसाठी रडत आलं की त्याला पायरीवर बसवतात आणि त्यांच्यापैकी एकजण शेजारी बसतो, काही न बोलता. पोर आपणहून बोललं की त्याच्याच हातानं त्यांच्या पेजेत मीठ पडतं.

मथी मोकळी झाली, तशी घरोघरची पोरं मोकळी होवोत. आणि त्यांच्या शेजारी बसायला कुणीतरी असो.