कळस दाखवणारी दुर्बीण

फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजा हत्तीवरून फिरे आणि बाकी सगळे पायी, तेव्हा सारजा नावाची एक मुलगी दूरच्या नगरात काचेची विद्या शिकून आपल्या गावी परत आली. तिला वाटले होते, वेशीपाशी तोच जुना पार दिसेल. पारावर पाण्याची घागर आणि गुळाची ढेप असेल, शेजारी गावाची एकुलती एक दुर्बीण असेल, आणि कुणीतरी म्हातारा वाटसरूला म्हणत असेल, "आधी गूळपाणी घ्या, मग वर जा."

तिला दिसला तो बाजार. वेशीपासून देवळापर्यंत दोन्ही बाजूंना दुकाने, आणि प्रत्येक दुकानाच्या दारात पितळी दुर्बिणी टांगलेल्या. पार होता, पण त्यावर पिशव्यांचा ढीग होता. दुकानदार रस्त्यात येऊन वाटसरूंच्या हाताला धरून आत नेत होते. सारजेलाही एकाने धरले. ती गावचीच आहे हे कळल्यावर मात्र त्याने हात असा सोडला, जणू निखारा होता.

या गावात इतक्या दुर्बिणी कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण एक पक्षी होता. तुम्ही धनेश पाहिला आहे का? लहानांनी पाहिला नसेल, आणि मोठ्यांनी पाहिला असला तरी विसरला असेल. भली मोठी पिवळी चोच, तिच्यावर शिंगासारखा उंचवटा, काळे-पांढरे पंख. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. उरते ती बोटभर फट. मग पिल्ले होईपर्यंत नर रानातून उंबरे आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. तो आला नाही, तर ती उपाशी.

गावासमोर खोल दरी होती. पलीकडच्या दाट रानात एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाचे घर होते. विणीच्या दिवसांत दरी ओलांडायची नाही, असा गावाचा नेम होता. त्यामुळे अलीकडच्या कड्यावरूनच पाहायचे, आणि त्यासाठी दुर्बीण लागायची. नवी लग्ने झालेली आणि लग्नाला पन्नास वर्षे झालेली, अशी दोन्ही जोडपी लांबून लांबून येत.

गावाची आणखी एक रीत होती. ज्याला गूळपाणी दिले, त्याच्याकडे त्या दिवशी काहीही मागायचे नाही. पाहुण्याने तोंड गोड केले की यजमानाचे तोंड बंद.

सारजेचे आईबाप ती लहान असतानाच गेले होते. मामाने तिला वाढवले, आणि शिकायलाही त्यानेच धाडले. आता मामाचे दुकान बाजारात सगळ्यांत मोठे होते. भाचीला पाहून त्याचे डोळे भरून आले. "माझी सारजा आली," असे त्याने शेजारच्या चार दुकानांत जाऊन सांगितले. सारजेच्या बोचक्यात मामासाठी तिने स्वतः काचा घासून केलेली एक दुर्बीण होती. योग्य वेळ पाहून ती द्यायची, असे तिच्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक म्हातारे जोडपे आले. तो विणकर होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बायको त्याचा हात धरून चालत होती, पण चालताना वाट तोच सांगत होता.

मामाने सारजेच्या हातात गूळपाण्याचे तबक दिले. म्हातारीने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आपण इथे का आलो ते न विचारताच सांगून टाकले. पहिल्या बाळंतपणानंतर ती अंथरुणाला खिळली होती. हातही उचलत नव्हता. तेव्हा याने सगळा पावसाळा तिला घासाघासाने भरवले. बायकोला भरवणारा पुरुष म्हणून गाव हसले, आणि त्याचे नाव पडले धनेश.

"नाव चाळीस वर्षं ऐकते आहे," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, मरायच्या आधी खरा धनेश एकदा बघावा. यांच्याहून बरा दिसतो का ते तरी कळेल."

"बरा दिसला तर तिथेच राहायचं म्हणते," म्हातारा म्हणाला.

सगळे हसले. मामाही मनापासून हसला. मग त्याने दारातली स्वस्त दुर्बीण काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली. किंमत ऐकून म्हातारा खूश झाला आणि कमरेची थैली चाचपू लागला. तेव्हा मामा हळूच म्हणाला, की ही किंमत नळीची. काच वेगळी.

"काचेशिवाय नळी घेऊन काय करू?" म्हातारा म्हणाला. "घरी फुंकणी आहे की."

मामा पुन्हा हसला आणि काच दाखवली. काचेनंतर डोळ्याकडची वाटी निघाली. वाटीनंतर पट्टा निघाला. सगळ्याची बेरीज झाल्यावर मामा स्वतःच म्हणाला, की एवढे देऊन ही असली वस्तू मी तुम्हाला घेऊ देणार नाही, तुम्ही माझ्या वडिलांसारखे. त्याने मखमलीतून दुसरी दुर्बीण काढली. ती राजघराण्यासाठी घडवली होती, तिची किंमत दुप्पट होती, पण आजच्या दिवस, आणि केवळ त्यांच्यासाठी, निम्मी.

म्हातारा उठला. आपल्याला हे परवडायचे नाही, असे तो सरळ बोलला.

"बसा हो," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. "गूळ अजून तोंडात आहे आणि पाय दाराकडे? घेऊ नका. पण बघून तरी घ्या."

म्हातारीने तोंडातला गूळ घाईने गिळला. मग दोघेही खाली बसली.

मामाने म्हातारीला दारात उभे केले आणि दुर्बीण देवळाच्या कळसावर धरली. सोन्याचा मुलामा दिलेला कळस उन्हात लखलखत होता. म्हातारी हरखली. कळसावर बसलेल्या कावळ्याचे डोळेसुद्धा दिसतात, असे तिने नवऱ्याला सांगितले. तरी तिचे मन डळमळत होते. तेव्हा मामाने आपला हुकमी पत्ता टाकला. ही माझी भाची, म्हणाला, दूरच्या नगरातून काचेची विद्या शिकून आली आहे, हिलाच विचारा.

म्हातारी सारजेकडे वळली. "पोरी, काच चांगली आहे ना?"

सारजेने दुर्बीण डोळ्याला लावली आणि तिला क्षणात कळले. काच जाड होती, घासताना घाई केलेली होती. असल्या काचेतून उन्हातली सोनेरी वस्तू छानच दिसते. उन्हात सगळेच छान दिसते. पण दाट सावलीतला काळा पक्षी तिच्यातून दिसणार नाही. तिने मामाकडे पाहिले. तो कौतुकाने तिच्याकडे बघत होता, लहानपणी ती पाढे म्हणायची तेव्हा बघायचा तसाच.

"कळस अगदी स्वच्छ दिसतो, आजी," सारजा म्हणाली.

यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हाताऱ्याने थैली सोडली. परतीच्या गाडीसाठी ठेवलेले पैसेही त्यात गेले. "जाताना चालत जाऊ," तो बायकोला म्हणाला. "तू वाटेत धनेशाच्या गोष्टी सांग."

दुपारी सारजेला दुकानात बसवेना. ती कडा चढून वर गेली. तिथे माणसेच माणसे होती, आणि प्रत्येकाच्या डोळ्याला दुर्बीण होती. गंमत अशी की कुणीच काही बोलत नव्हते. जो तो नळी फिरवी, डोळे पुसी, शेजाऱ्याकडे चोरून बघे, आणि पुन्हा नळी डोळ्याला लावी. आपल्यालाच दिसत नाही, बाकीच्यांना दिसत असणार, असे प्रत्येकाला वाटत होते. एवढे पैसे मोजल्यावर दिसत नाही म्हणायचे तरी कसे?

कड्याच्या टोकाला विणकर आणि त्याची बायको बसली होती.

"दिसला का?" म्हातारा विचारत होता.

म्हातारीने नळी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाली, "दिसला हो. दोघंही दिसली. फांदीवर जोडीनं बसलीत, अंगाला अंग लावून."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. मागे उभी असलेली सारजा मात्र जागच्या जागी थिजली. या दिवसांत मादी ढोलीबाहेर असूच शकत नाही. फांदीवर जोडी नव्हतीच.

म्हातारीने मान वळवली आणि सारजेला ओळखले. नवरा शेजारच्या माणसाचा हात धरून पाणी प्यायला गेला, तेव्हा ती हलक्या आवाजात बोलली. "काळा डाग दिसतो नुसता. पण त्यांना सांगू नकोस, पोरी. चालत जायचंय त्यांना. निदान खुशीत चालू देत."

"मला माहीत होतं, आजी," सारजा म्हणाली. "दुकानातच माहीत होतं."

म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. "दोष आमचाही आहेच," ती म्हणाली. "गूळ खाल्ला आणि उठवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही." तिने दुर्बीण मांडीवर ठेवली आणि सारजेकडे पाहिले. "कळस दिसतो म्हणालीस तू. मीच नीट ऐकायला हवं होतं."

दिवेलागणीला सारजेने मामापुढे गोष्ट काढली. पैसे परत द्या, म्हणाली. मामाने समजुतीच्या सुरात सांगितले, की विकलेली वस्तू परत घ्यायची नाही ही बाजाराची रीत आहे, आणि आपण एकट्याने ती मोडली तर बाकीचे आपल्याला जगू देणार नाहीत. आपण कुणाच्या कमरेला हात घालत नाही, प्रत्येक जण आपल्या हाताने थैली सोडतो.

"हात त्यांचाच असतो, मामा. पण आधी त्यावर आपण गूळ ठेवतो. गूळपाणी दिलं की मागायचं नाही, ही आपलीच रीत ना?"

"नगरात राहिलं की माणसाला उपदेशाची खोड लागते," मामा म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "तुझी विद्या कशावर झाली, सारजे? त्याच कळसावर."

सारजेच्या अंगावरचे लुगडे, तिच्या बोटांतली कला, सगळे याच दुकानातून आले होते.

मग तिने विचारले, "मामा, तुम्ही धनेश शेवटचा कधी पाहिलात?"

मामा आठवू लागला. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिला होता. नंतर... नंतर दुकान झाले. "सवड कुठे मिळते," तो म्हणाला, आणि दिव्याची वात उगाच पुढे सरकवू लागला.

पुढे त्या बाजाराचे काय झाले, ते आधी थोडक्यात सांगते. वाटसरू दुकानदारांना म्हणू लागले, "कळस नको, वर चला आणि ढोली दाखवा." ज्यांच्या काचा चांगल्या होत्या ते वर गेले आणि टिकले. ज्यांच्या नव्हत्या त्यांनी वर यायला सबबी सांगितल्या, आणि हळूहळू त्यांच्या दारातल्या नळ्यांवर कोळ्यांनी जाळी विणली. मामाने फार दिवस रुसून काढले. पण एका सकाळी तो धापा टाकत कडा चढला, रांगेत उभा राहिला आणि आपली पाळी आल्यावर इतका वेळ बघत राहिला, की मागचे लोक कुरकुरू लागले. खाली उतरल्यावर त्याने दारात टांगलेली स्वस्त नळी काढली आणि चुलीपाशी ठेवून दिली. फुंकणी म्हणून ती उत्तम चालली.

पण हे सगळे नंतरचे. हे घडले ते सारजेने त्या रात्रीनंतरच्या सकाळी जे ठरवले, त्यामुळे.

त्या सकाळी उठल्यावर तिने बोचके सोडले आणि मामासाठी आणलेली दुर्बीण बाहेर काढली. दुकानाच्या दर्शनी भागात ती किती शोभेल, याची चित्रे तिने वाटेत कितीदा रंगवली होती. तिने दुकानाकडे पाहिले, आणि मग कड्याकडे. तिने पाण्याची घागर भरून घेतली, गुळाची ढेप घेतली, आणि वेशीबाहेर पडणाऱ्या विणकर जोडप्याला गाठले. "आजी, जायच्या आधी एकदा वर चला," ती म्हणाली. "आज काही विकायचं नाही."

वर कोवळे ऊन होते, पण पलीकडची ढोली अजून दाट सावलीत होती. सारजेने दुर्बीण रोखून दिली. म्हातारीने डोळा लावला. तेवढ्यात पलीकडच्या रानातून पंखांचा सूंऽसूं आवाज आला. नर बेहड्यावर उतरला. त्याने मान झुकवली, आणि लिंपलेल्या ढोलीच्या फटीतून एक चोच, फक्त चोचीचे टोक, बाहेर आले. त्याने तिच्यात उंबर ठेवले. मग दुसरे. मग आणखी एक.

म्हातारीने दुर्बिणीवरून डोळा काढलाच नाही.

"दिसला का?" म्हाताऱ्याने विचारले. मग तिचा हात हातात घेऊन तो थांबला. तिने त्याची बोटे घट्ट आवळली; काल आवळली नव्हती. "काल दिसला नव्हता तर," तो हळूच म्हणाला.

"नव्हता," म्हातारी म्हणाली. "आज दिसला. अगदी तुमच्यासारखा आहे हो. थोडा वेंधळा, पण सगळं तिलाच देतो."

एव्हाना आसपासचे लोक जमले होते. त्यांनी आपापल्या दुर्बिणी खाली केल्या आणि एकेक जण सारजेच्या दुर्बिणीतून पाहू लागला. एका धान्याच्या व्यापाऱ्याची गाडी रिकामी परत चालली होती. विणकर जोडप्याला मी घरापर्यंत सोडतो, तो म्हणाला. सारजेने त्या दोघांना गूळपाणी दिले, आणि त्यांच्याकडे काहीही मागितले नाही.

मग तिने कड्याच्या टोकावरच्या खडकात एक खुंटी ठोकली आणि आपली दुर्बीण तिथे अडकवली. ही दुर्बीण दुकानात जाणार नाही, असे तिने ठरवले. ती इथेच राहील, गावाची म्हणून, आणि तिच्याशेजारी आपण बसू. ज्याला घ्यायची असेल त्याने खालून कुठलीही दुर्बीण खुशाल घ्यावी, पण आधी ती इथे आणून सावलीतल्या ढोलीवर धरून बघावी.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, गाठीला एवढे बांधून ठेवा : वस्तू ज्या कामासाठी घ्यायची त्याच कामावर पारखून घ्यावी, आणि गूळपाण्याच्या भिडेपोटी थैली कधी सोडू नये.