भिजवलेले बदाम

“...मग तिला चोरून खुराक कुणी घातला, वस्ताद?”

धैर्यशील तालमीच्या कट्ट्यावर बसला होता. उजवी मूठ आवळलेली. शेजारी बालेखान वस्ताद थंडाईसाठी भिजवलेले बदाम सोलत होते.

“कुणाला?”

“वैजीला. जुळी आम्ही. एका घरात, एकाच दिवशी तापलो. दोघांनाही फ्लूच. ती आठवड्यात उठली, जत्रेतली कुस्ती मारली. आणि मी, एवढ्या अंगाचा गडी, दवाखान्यात ऑक्सिजनवर. घरी आलो तर अंगणात तिचा शड्डू. उशी कानावर दाबून घ्यायचो.”

“डॉक्टरला विचारलंस?”

“विचारलं. म्हणाले, पुरुषाचं संप्रेरक दंड पिळदार करतं, पण विषाणू आला की अंगातल्या फौजेला जरा दाबून ठेवतं. बाईचं संप्रेरक फौज लवकर उठवतं. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, पण पुष्कळदा होतं.”

“मिळालं की उत्तर.”

“हे कसलं उत्तर? ज्यानं मला पहिलवान केलं, त्यानंच पाडलं?”

वस्तादांनी एक साल काढून बाजूला टाकली.

“तू पडलास म्हणून दुखतंय, का ती उभी राहिली म्हणून?”

धैर्यशीलनं मूठ आणखी आवळली.

मग म्हणाला, “उद्या जत्रेतल्या कुस्तीचा मानाचा फेटा तिला बांधणार असाल, तर मी तालीम सोडतो.”

“बरं.”

वस्तादांनी आत हाक मारली. “वैजयंता! जरा बदाम सोल, बेटी.”

वैजयंता आली. भावाकडे न बघता वाटीपाशी बसली. बदाम उचलला, तो निसटला. पुन्हा उचलला. पुन्हा निसटला. तिच्या बोटांचे सांधे सुजले होते. बोटं मिटतच नव्हती.

“सकाळी असंच होतं,” ती वस्तादांना म्हणाली. “दुपारपर्यंत सुटतील.”

“हे कधीपासून?” धैर्यशीलनं विचारलं.

“तापाच्या आधीपासून.”

“बोलली नाहीस.”

“तुझ्या टोमण्यांतून जागा कुठं मिळाली?” ती हसली. “डॉक्टर म्हणतात, माझी फौज घरच्यांवरच उठलीय. सांधेच शत्रू वाटतात तिला. बायकांमध्ये हे जास्त आढळतं म्हणे. कुस्ती बंद सांगितलीय. जत्रेतली शेवटची.”

ती उठली आणि हात शेकायला चुलीकडे गेली.

धैर्यशीलनं तिच्या हातून निसटलेला बदाम बघितला.

“वस्ताद, मग मी देवाकडं कुणाचं अंग मागायला हवं होतं? माझं, का तिचं?”

वस्तादांनी वाटी त्याच्यापुढे सरकवली.

“सोल.”

“मी? हे नव्या पोरांचं काम...”

“आधी मूठ उघड.”