बढती मिळालेला रस्ता

फार पूर्वी मुंग्यांच्या राज्यात रस्त्यांना वर्ग होते: राजमार्ग, जिल्हामार्ग, ग्राममार्ग. दूरच्या वारुळात शिकून परतलेल्या शलाकाला वाटलं होतं, गावच्या रस्त्याला जिल्हामार्गाची बढती मिळाली, म्हणजे तो गुळगुळीत झाला असेल. प्रत्यक्षात त्याला मधोमध भगदाड पडलं होतं. पलीकडे गावाची सगळी अंडी होती, ओढ्याचं पाणी तिकडे चढत होतं आणि भगदाड बुजल्याशिवाय अंडी अलीकडे आणता येत नव्हती.

"काका, भगदाड बुजवा ना!" ती गावकारभारी मुंगळ्याला म्हणाली.

"रस्ता आता जिल्ह्याचा, पोरी. आम्ही खडा टाकला तर आगाऊपणा ठरेल."

ती धावत जिल्ह्याच्या मुंगळ्याकडे गेली.

"ताबा कुठे मिळालाय आम्हाला?" तो म्हणाला. "तोवर रस्ता गावाचाच. एवढी शिकलीस, हे नाही शिकवलं?"

संध्याकाळी पाणी अंड्यांपासून चार पावलांवर होतं. शलाकाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी पाणी एका पावलावर आलं होतं. तिने मैलाच्या दगडावरचं 'जिल्हामार्ग' खरवडून टाकलं आणि तिथे लिहिलं, 'पायवाट'.

"अगं, ही कुणाच्या खात्यात येते?" गावकारभारी घाबरून ओरडला.

"पायवाटेला खातं नसतं, काका. चालेल त्याची ती," असं म्हणून तिने पहिला खडा उचलला.