सोनजाईची पाठवणी

एका राज्यात एक टेकडी होती, सोनजाई तिचं नाव. तिच्या पोटातला झरा साऱ्या नगरीला पाणी पाजी. पण राजा चंडकेतूला हाव सुटली. भस्माक्ष मांत्रिक त्याला म्हणाला, "टेकडी दे, रत्नांचं सिंहासन घे. मात्र प्रजेनं राजीखुशीनं निरोप दिला, तरच ती जागची हलेल."

राजानं सिदोजी दवंडीवाल्याला बोलावलं. "प्रजेचं मन वळव. नाहीतर जीभ छाटीन!"

सिदोजीनं पहिली दवंडी पिटली, "ऐका हो ऐका, टेकडी म्हातारी झाली!" लोक तिच्या पाया पडायला लोटले. दुसरी पिटली, "टेकडी आजारी आहे!" बायका काढे घेऊन धावल्या. करायला जावं एक अन् व्हावं भलतंच! बिचारा पार गोंधळला. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "सोनजाईचं लगीन ठरलं!"

झालं! घरोघरी पुरण शिजलं. टेकडीला हळद लागली. तिची ओटी भरताना नगरी रडली, आणि सिदोजीही ढसाढसा रडला. थाप आपलीच, मग आपल्याला रडू का यावं, हे काही त्याला उमगेना. टेकडी उठली, मांत्रिकामागून चालू लागली, आणि राजाला रत्नांचं सिंहासन मिळालं. त्याच दिवशी झरा आटला.

चौथ्या दिवशी प्रजा राजवाड्यावर थडकली. "महाराज, मांडवपरतणीला लेक आणायची. मुराळी कोण जाणार?"

"लेक कसली? टेकडी आहे ती!" राजा गडबडला.

"मग लगीन खोटं, आणि आमचा निरोपही खोटा," म्हातारी गिरजा म्हणाली.

निरोप खोटा ठरला की सिंहासन जाणार! राजानं मुकाट्यानं सिदोजीलाच मुराळी म्हणून धाडलं. लग्न लावून नेलेली, तेव्हा लग्नाची रीत मांत्रिकालाही चुकेना. त्यानं दात खात टेकडी माहेरी पाठवली.

सोनजाई आपल्या जागी टेकली. राजा, प्रजा सारे तिथं जमले. सिदोजीनं भीत भीत विचारलं, "बाई, पुन्हा सासरी जायचं ना?"

"मला तिथं नांदायचं नाही," टेकडी म्हणाली.

राजा सिदोजीच्या कानाशी पुटपुटला, "राजी आहे म्हणून सांग."

सिदोजीनं ढोल उचलला. "ऐका हो ऐका! लेकीला नांदायचं नाही. तिला दिलेला निरोप आम्ही परत घेतो!"

"परत घेतो!" सारी प्रजा ओरडली. तत्क्षणी सौदा मोडला, मांत्रिकाची राख झाली, सिंहासनाचा दगड झाला, आणि झरा खळाळत फुटला.

"छाटा याची जीभ!" राजा कडाडला. पण ऐकायला होतंय कोण? शिपायांसकट सारे घागरी घेऊन झऱ्याकडे धावले होते. चार दिवसांचा तहानलेला राजा घटकाभर एकटाच उभा राहिला, आणि मग ओंजळ पसरून तोही त्यांच्यामागे धावला.