समोरची चटई

“...पण समोर कोणीच नाही, बुवा. मग दुसरी चटई कशाला?”

भिकाजीबुवा घाडी अंगणात चटई पसरत होते. एक कोपरा दुमडला होता, तो त्यांनी पायाच्या अंगठ्याने सरळ केला.

“कोण नाय म्हणानच घालतंय.”

“म्हणजे?”

“वायच बस, झिला. चाय घे.”

हेमंत कुडतरकर बसला. मोठ्या माणसांना खाली बसायला वेळ लागतो, आणि तो दर वेळी गुडघ्यांमुळेच लागतो असं नाही. एके काळी याच अंगणात तो बुवांच्या मागे टाळ धरून बसायचा. पुढे स्वतः गायला लागला. पुढे मुंबईला गेला. आता अर्ध्या महाराष्ट्रात त्याची रेडिओ केंद्रं आहेत, आणि बाहेर फणसाखाली उभी असलेली गाडी गल्लीत वळताना दोनदा मागे घ्यावी लागली होती.

बुवा डबलबारीचे भजनीबुवा. सिंधुदुर्गात हे कोणाला सांगावं लागत नाही. दोन मंडळं समोरासमोर बसतात. ज्याची बारी, म्हणजे पाळी, तो बुवा गाण्यातून सवाल टाकतो. दुसरा गाण्यातूनच उत्तर देतो आणि वर आपला सवाल ठेवतो. मधूनमधून एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, त्याचा राग कोणी धरायचा नाही. निदान जत्रा उठेपर्यंत तरी.

चहा आला. काकी, म्हणजे बुवांची बायको, पायरीवर कोकमं फोडत बसली होती. तिने हेमंतकडे बघून मान हलवली आणि पुन्हा हात चालू केला.

“बुवा, तुमचा एक शब्द हवा आहे.”

“कोणाक?”

“पास्कलला.”

जिल्ह्यात खासगी रेडिओ दोनच. हेमंतचा ‘दर्या’ आणि पास्कल लोबोचा ‘रानवारा’. पास्कलचा ट्रान्समीटर म्हातारा झाला होता, आणि पास्कलही थकला होता. तोही बुवांचाच शिष्य. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, पण बोटं मोकळी सोडायला शिकला तो या अंगणात. हेमंतने त्याचं केंद्र मागितलं तेव्हा तो म्हणाला होता, बुवा होय म्हणाले तर देतो.

“त्याचं केंद्र मी घेतोय. एका ठिकाणी एका मालकाने दोन केंद्रं घ्यायची नाहीत, असा नियम आहे. आता तो सैल करायचा विचार चाललाय. पुढच्या आठवड्यात दिल्लीत सगळ्यांची मतं ऐकणार आहेत. मीही बोलणार आहे.”

“कोणाच्या बाजून?”

“नियम काढा, या बाजूने.”

बुवा चहात फुंकर घालत राहिले.

“बुवा, लोकांना वाटतं मालक दोन असले की रेडिओ दोन तऱ्हेचे होतात. तसं होत नाही. दोघेही तेच गाणं वाजवतात, त्याच जाहिरातीमागे धावतात. मालक एक असला की तो स्वतःशीच कशाला स्पर्धा करील? एकावर नवी गाणी लावील, दुसऱ्यावर भजन लावील. लोकांना जास्तच मिळेल.”

हे खोटं नव्हतं. हेमंत खोटं बोलणाऱ्यांतला नव्हताच.

“भजन लावतलंस?”

“तुमचंच. दिवसभर.”

“दिवसभर माका आयकान लोक गाव सोडतले.”

काकी कोकमं फोडता फोडता हसली.

“आनी बातम्यो?”

“बातम्यांचा विभाग एकच ठेवू. दोन्हीकडे त्याच बातम्या. खर्च वाचतो.”

“हं...”

बुवांनी कप खाली ठेवला. पेटी पुढे ओढली आणि हेमंतच्या चटईवर ठेवली.

“डबलबारी कर.”

“कोणाबरोबर?”

“ती चटई आसा मा? दोन्ही बाजवो तूच सांभाळ. तुका जमतला म्हणतंस तर.”

हेमंत हसला. ही कसोटी आहे हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. पण गळा अजून शाबूत होता आणि त्याला त्याचा अभिमान होता. त्याने भाता उघडला, सूर धरला आणि सवाल टाकला.

“जगाला जो निजवी रोज,
त्याला निजवी कोण?
सांगा बुवा समोरचे,
सोडा आता मौन.”

मग पेटी उचलून तो समोरच्या चटईवर जाऊन बसला. वरच्या सुरात उत्तर दिलं.

“गोकुळात यशोदेच्या
मांडीवरती श्याम,
जग सारे निजवूनी
तोही घे विश्राम.”

सूर सुरेख लागला होता. शेवटची तान तर अशी उतरली, की फणसावरचा कावळासुद्धा गप्प झाला. हेमंतने पेटी मिटली, ती घेऊन आपल्या चटईवर परत आला आणि काकीकडे पाहिलं.

“गळो बरो आसा हो,” काकी म्हणाली. “पण हरलो कोण?”

“दोन्हीकडे मीच होतो, काकी.”

“मगे मी आयकत कित्याक ऱ्हवलंय?”

तिने कोकमाच्या सोलांनी भरलेलं सूप उचललं आणि ती आत गेली.

हेमंतचा चेहरा उतरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“तो सवाल कोणाचो?” बुवांनी विचारलं.

“कुठला?”

“आता टाकलंस तो.”

हेमंतची नजर ओटीकडे गेली.

ओटीवर दोन तसबिरी होत्या. एक बुवांच्या गुरूंची. तिच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, एक जाड मिशांचा माणूस, आणि त्याच्यापुढे सकाळचं अनंताचं फूल. तो माणूस गोपाळबुवा तेली. आयुष्यभर भिकाजीबुवांच्या समोरच्या चटईवर बसलेला. आता हयात नसलेला.

“गोपाळबुवांचा,” हेमंत म्हणाला.

“होय. तेणां तुका ह्याच सवालान जत्रेत पाडल्यान.”

पाडलं होतं. हेमंतची ती पहिली बारी. समोर गोपाळबुवा. सवाल आला आणि हेमंतने नुसतं तोंड उघडलं. त्याला काहीच सुचेना. गोपाळबुवा म्हणाले, झिलान तोंड उघडल्यान, पण आत कोण ऱ्हवता काय नाय ता बघा. सगळी जत्रा हसली. हेमंत त्यानंतर कधीही गोपाळबुवांच्या पाया पडला नव्हता.

“मगे वरीसभर काय करी होतंस?”

“उत्तर शोधत होतो. पोथ्या वाचल्या. कीर्तनं ऐकली. दिसेल त्या म्हाताऱ्याला विचारत सुटलो होतो.”

“मी तुका त्याच्या आदी किती येळा सांगलंय, वाच म्हणान?”

“पुष्कळदा.”

“वाचलंस?”

“...नाही.”

“गोपाळान एकदा विचारल्यान.”

हेमंत तसबिरीकडे बघत राहिला. जाड मिशा. डोळ्यांत तीच जुनी थट्टा.

“बुवा, या माणसाने जन्मभर तुम्हाला जत्रेजत्रेत नावं ठेवली.”

“होय तर. आनी बरी ठेवी होतो.”

“आणि तुम्ही त्याला गुरूंच्या शेजारी लावलंत?”

“एकान माका गावंक शिकवल्यान. दुसऱ्यान माका गप बसांक दिल्यान नाय.” बुवांनी ओटीवर जाऊन फुलाची पडलेली पाकळी उचलून कानावर ठेवली. “खूप दिल्यान माका गोपाळान. तो जिवंत होतो तेवा सांगलंय नाय. आता रोज सांगतंय.”



“आता अजून एक सवाल टाक,” बुवा म्हणाले. “असो, की जेचां उत्तर तुका ठावक नाय.”

“टाकीन. पण मग उत्तर कोण...”

हेमंतने समोरच्या चटईकडे पाहिलं.

“नारळी पुनवेनंतर वादळ इला, त्या दिसा तुझ्या रेडिओर काय सांगी होते?”

हेमंतने मान खाली घातली. हा विषय त्याला नको होता.

“समुद्र शांत आहे, असं. आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग होतं. रविवार होता, मुंबईच्या ऑफिसात कोणी बदललं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही माफी मागितली, बुवा.”

“मागलंस. आयकलंय मी. आनी तुझो दादा खंय होतो त्या सकाळी?”

“घरी.”

“होडी काढल्यान नाय?”

“काढली होती. पाण्यात लोटलीही होती. मग परत ओढली.”

“कित्याक?”

हेमंतने पेटीचा भाता उगाच उघडला, मिटला.

“कित्याक रे झिला?”

“पास्कलने... पास्कल सकाळपासून ओरडत होता. दर गाण्यानंतर. दर्या रेडिओ ऐकू नका, ते चुकीचं सांगतायत, होड्या काढू नका. माझं नाव घेऊन सांगत होता. दादाकडे त्याचा रेडिओ लागला होता.”

“तुका राग इलो असतलो.”

“आला होता. वकिलाला फोन केला होता मी.”

हेमंतला अचानक रडू आलं. तो खूप वर्षांत रडला नव्हता, त्यामुळे ते कसं थांबवायचं हे त्याला आठवेना. दादा घरी होता. दादाची मुलं परवाच याच गाडीतून समुद्राकाठी फिरून आली होती. आणि ज्याच्यामुळे हे सगळं जागच्या जागी आहे, त्याचा आवाज आपण विकत घ्यायला निघालो होतो. बंद करायला नव्हे. चांगला चालवायला. त्यावर आपलीच बातमी लावायला.

बुवांनी आपल्या खांद्यावरचा पंचा त्याच्याकडे टाकला.

तोंड पुसून हेमंतने फोन लावला.

“पास्कल, हेमंत बोलतोय.”

“बोल. बुवा काय म्हणाले?” पास्कलचा आवाज इतका खणखणीत होता, की अंगणभर ऐकू येत होता.

“बुवा काही म्हणाले नाहीत. मीच... त्या वादळाच्या दिवशी दादा घरी राहिला. तुझ्यामुळे. इतके दिवस मी बोललो नाही रे.”



“अरे मेल्या,” पास्कल म्हणाला, “दादान दुसऱ्याच आठवड्यात माका सुरमय आणून दिल्यान. एवडी मोटी. तू खंय होतंस?”

हेमंत रडता रडता हसला.

“आनी स्टेशनाचा काय?” पास्कलने विचारलं. “मी थकलंय रे.”

“तुझा ट्रान्समीटर बघायला माझा माणूस पाठवतो. हवं ते बदलून देईल. मालक म्हणून नाही पाठवत.”

“मगे काय म्हणान?”

हेमंतने रिकाम्या चटईकडे पाहिलं.

“समोरचा म्हणून.”

पास्कल म्हणाला, “बघ हां. तुझा परत चुकला, तर मी परत सांगतलंय. तुझ्या नावानिशी.”

“सांग मेल्या,” हेमंत म्हणाला. “मोट्यान सांग.”

इतका वेळ मुंबईची मराठी बोलणाऱ्या हेमंतच्या तोंडी आपली भाषा आली, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. बुवांच्या आलं. त्यांनी काकीकडे अजून एक चहा मागितला.

चहा पिताना हेमंतला फार बरं वाटत होतं. जे विकत घ्यायला आला होता ते मिळालं नव्हतं, तरीही. बुवांचे, पास्कलचे, दादाचे, त्या जाड मिशांच्या माणसाचे किती उपकार आपल्यावर आहेत, हे एका दुपारी कळलं की माणूस जरा हलकाच होतो.

“मगे दिल्लीक जातलंस?”

“जाईन.”

“काय बोलतलंस?”

हेमंतने विचार केला. नियम काढा म्हणणाऱ्यांकडेही मुद्दे होते, ते त्यानेच लिहिले होते. एक पास्कल तगला, पण जिथे त्याच्यासारखे इतर थकून बसलेत, तिथे नुसत्या नियमाने त्यांचा आवाज टिकेल का? आणि नियम गेला तर समोर बसणार कोण?

“माका ठावक नाय, बुवा,” तो म्हणाला.

बुवा त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळे हसले. सगळे उरलेले दात दिसले.

“बरो सवाल गावलो तुका.”

हेमंत उठला. बुवांच्या पाया पडला. मग ओटीवर गेला आणि गोपाळबुवांच्या तसबिरीपुढे डोकं टेकलं. बराच वेळ टेकलं. जत्रा उठून किती वर्षं झाली होती.

निघायच्या आधी, लहानपणीच्या सवयीने, तो अंगण आवरायला वाकला. पेटी आत ठेवली. आपली चटई गुंडाळून भिंतीला उभी केली. मग समोरच्या चटईला हात घातला.

“ती ऱ्हवांदे,” बुवा म्हणाले. “आता तेची बारी.”