काचराणी आणि तिच्या झालरीतला पाहुणा

एक होती राणी. तिला राज्य नव्हतं, राजा नव्हता, अंगात एक हाडसुद्धा नव्हतं. ती होती जेलीफिश, काचेच्या छत्रीसारखी आरपार. नाव काचराणी. डोकंच नव्हतं, म्हणून शाळाही नव्हती, बरं का! काळीजही नव्हतं.

"मग आत्या, तिला वाईट कुठे वाटायचं?"

सगळ्या अंगाला वाटायचं, रेवा.

लहानपणी ती बहिणींबरोबर समुद्राच्या तळाशी, खडकाला चिकटून होती. एकीवर एक, ताटल्यांच्या चळतीसारख्या. मग वरची ताटली सुटली, तरंगत गेली. मग दुसरी. मग हिची पाळी आली. प्रवाहानं ओढलं तिकडे ही गेली. हाका मारल्या, तर नुसतं पाणी.

मग तिला एक कोळंबी भेटली. राणीनं आनंदानं मिठी मारली. आणि काय सांगू, पोरांनो! राणीच्या अंगाखाली लोंबणाऱ्या झालरीच्या दोऱ्यादोऱ्यात आग. कोळंबी "मेले गं बाई!" करत पळाली. राणीनं ठरवलं, आता कुणाला हात लावायचा नाही.

मग खूप दिवसांनी समोरून कुणीतरी आलं. तसंच पांढुरकं, तसंच फुगलेलं. "ताई! अगं ताई, मी धाकटी!" ताई बोलेचना. बोलेल कशी? ती होती कुणीतरी फेकलेली प्लास्टिकची पिशवी. तरी ही वेडी दिवसभर तिच्या शेजारून तरंगली. मग लाट आली. पिशवीही गेली.

मग एकदा एक एवढासा मासा जीव मुठीत धरून आला. मुठी नव्हत्या त्याला, पण धरला होता! मागे सुरमई, जबडा उघडून. मासा थेट राणीच्या झालरीकडे.

"अरे, लांब हो! मी भाजते!"

"म्हणून तर आलो, राणीआजी!" म्हणत तो अंग चोरून दोऱ्यांमधून आत शिरला. सुरमईनं तोंड पुढं केलं मात्र, चर्रकन चटका! अशी मागं ओढली तिनं मान, की तोंड अजून टोकदार आहे.

"आता जाशील?" राणीनं हळूच विचारलं.

"मोठा झालो की जाईन. तोवर राहू?"

राणीनं दोरे जरासे बाजूला घेतले, एका माशापुरते.

मग दोघं सुखानं राहिली, प्रवाह नेईल तिकडे. पाय पांघरुणात घे, रेवा.

"आत्या, मोठा झाल्यावर तो खरंच जाणार?"

जाईल गं. पण आज नाही. गोष्ट गेली तळाशी, डोकं टेका उशीशी.